लाल फडक्यातली चिमूट

प्रिय रोझेला,

पाकिटातून एक लाल फडक्याची पुडी खाली पडली असेल. ती उचल, पण गाठ सोडू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव. आत काय आहे ते तुला सांगायला नकोच. सदतीस वर्षं तिकडे टॅकोमाच्या समुद्रकाठी काढलीस म्हणून तंबाखूचा वास विसरली असशील असं मला वाटत नाही. आणि हो, कोणी गेलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला तसंच वाटलं असेल, म्हणून आधीच सांगते. मी धडधाकट आहे, गुडघे सोडून. दर नाताळला तुझं कार्ड येतं, खाली छापील नाव असतं, ते मी फ्रिजला लावते, आणि माझंही तसलंच छापील कार्ड तुला जातं. त्याला काही पत्र म्हणत नाहीत. तसं पाहिलं तर आयुष्यात मी तुला एकच पत्र पाठवलंय, आणि त्याचा विषय आपण दोघींनीही कधी काढला नाही. हे दुसरं. कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये. तीन कागद फाडून झाले.

तळ्यापासून सुरुवात करते. यंदा तळ्यातला रानभात चांगला आला, पण पाणी कमी. होड्या मध्येच चिखलात रुततात आणि माणसं एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करतात. यूजीनकाका आठवतो ना, तळं कधी खुलं करायचं ते ठरवणारा? ब्याऐंशीचा झाला. ऑगस्टच्या शेवटी होडीत चढताना घसरला आणि खुबा मोडून घेतला. तेव्हापासून दवाखान्यातल्या खाटेवरून त्याचा कारभार चालू. आम्ही ओंब्या तोडून न्यायच्या, त्याने एक दाणा दाताखाली धरायचा आणि म्हणायचं, “अजून दुधात आहे, जा घरी.” चादरीवर कुसळं सांडतात म्हणून नर्स ओरडायची. शेवटी एका सकाळी दाणा कट्‌कन वाजला. काका म्हणाला, “उद्या खुलं करा. आणि बर्नी, माझ्याऐवजी पाण्याला तंबाखू तू दे. तू चालणार नाहीस असं तळ्याने अजून तरी कळवलेलं नाही.” आहे तसाच आहे बघ. मी भाताच्या समितीत आहे, पण माझं काम परवाने तपासायचे आणि होड्यांचे नंबर लिहायचे. जमातीच्या ऑफिसात अडतीस वर्षं वह्या भरल्या, निवृत्त झाले तरी हातातली वही काही सुटली नाही.

तर त्या सकाळी धक्क्यावर ही गर्दी! जो तो माझ्या तळहातावर चिमूट ठेवून जात होता आणि मी ती पाण्यात सोडत होते, तोंडाने जे आठवेल ते पुटपुटत. त्यात डस्टिन किंगबर्ड आला. आपल्या शाळेची बस चालवायचा ना लिओनार्ड, त्याचा नातू. सव्वीस वर्षांचा, ताडमाड उंच. त्याने माझ्या हातात लाल फडक्याची पुडी ठेवली. आता तूच सांग, लाल फडकं दिसल्यावर मला कळायला नको होतं? तळ्यासाठी कोणी पुडी बांधून आणतं का? काहीतरी मागायचं असलं की बांधतात ती. पण मागे दोन होड्या एकमेकींवर आदळल्या होत्या, कोणीतरी परवाना घरी विसरून माझ्याशीच हुज्जत घालत होतं, माझं सगळं लक्ष तिकडे. मी गाठ सोडली, होती नव्हती ती तंबाखू पाण्यात ओतली आणि फडकं खिशात कोंबलं. तो आपला उभाच. “म्हणजे कबूल?” म्हणाला. मी म्हटलं, “कबूल, कबूल, चल, होडी काढ, मागे रांग लागलीय.” त्याचा चेहरा असा काही फुलला की मला वाटलं, भाताला जायचा केवढा आनंद झालाय याला.

दुपारी त्याची बायको दारात. हॅना तिचं नाव. पश्चिमेकडच्या बीटवाल्या शेतकऱ्यांची मुलगी, केस मक्याच्या कणसासारखे पिवळे. कडेवर पाच महिन्यांची पोर, काखेत नवी कोरी रजई आणि हातात भाजलेला मासा. मी म्हटलं, बाई, हे काय, कशाला? तर म्हणते, “आजी, नाव कधी देताय? जेवणाचं बघायला हवं ना. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार चालेल का तुम्हाला?” कोणाचं नाव, कसलं नाव? मग हळूहळू उलगडा झाला. पोरीला कागदावरच्या नावाखेरीज आपल्यातलं, स्वप्नात मिळणारं नाव मिळावं म्हणून त्याने ती पुडी दिली होती. आणि मी ती घेतली. नुसती घेतली नाही, अख्ख्या गावासमोर पाण्यात सोडली आणि वर तोंडाने कबूलही म्हणून बसले. घेतलेली तंबाखू परत करता येत नाही. इथे तर परत करायला तंबाखूच उरली नव्हती. मी हॅनासमोर शहाण्यासारखी मान हलवली, मासा घेतला, आणि ती गेल्यावर दार लावून खुर्चीत बसून राहिले.

मग तशीच दवाखान्यात गेले. काका खाटेवर उठून बसला ते सगळं ऐकून. “लोक विचार करायला चार दिवस मागून घेतात,” म्हणाला, “तू चार सेकंदंही घेतली नाहीस, आणि वर तळ्याला साक्षीला ठेवलंस.” मी म्हटलं, काका, चेष्टा पुरे, तुम्ही द्या नाव, तुम्ही आजवर इतक्यांना दिलंत. तर म्हणे, “मला कुठे दिलीय तंबाखू? घेतली ज्याने, स्वप्न त्याला पडणार.” मी म्हटलं, मला स्वप्नं पडत नाहीत, पडलीच तर त्यात बिंगोचे आकडे असतात. “मग बी-सात ठेव पोरीचं नाव,” म्हणाला आणि खुबा दुखेपर्यंत हसला. मी मात्र रडायच्या बेतात होते. अगं, मी वह्या भरणारी बाई. नावं देणारी माणसं वेगळी असतात, आपली आजी होती तशी. माझ्याकडे काय आहे?

डस्टिनला मी विचारलंच, बाबा, तुला मीच का दिसले? तो भात पोत्यात भरत होता, मान खाली घालून म्हणाला, “ऑफिसने तिला घेतलं नाही, आजी. रक्ताचे बत्तिसातले पाच भाग भरले. आठ हवे होते.” म्हणजे बघ, त्याचं नाव जमातीच्या यादीत आहे, पण हॅना बाहेरची, त्यामुळे पोरीचं रक्त कागदावर निम्म्यावर आलं आणि तीन कमी पडले. मोठी झाली की या तळ्यावर भात झोडायचा परवाना तिला मिळायचा नाही. बापाने होडी ढकलायची आणि लेकीने काठावर उभं राहून बघायचं. “कागदावर नाही तर नाही,” म्हणाला, “पण तळ्याला तरी ती कोण ते माहीत असू दे. आणि तुम्ही एवढी वर्षं सगळ्यांची नावं लिहिलीत, तुम्हाला नावं कळतात.” त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, मी लिहिली त्याहून न लिहिलेलीच माझ्या जास्त लक्षात आहेत. पोत्याचं तोंड धरून उभी राहिले.

त्यानंतरचे नऊ दिवस माझं काय झालं सांगू? डोकं ठिकाणावर नाही म्हणतात ना, तसं. मटणाच्या रश्श्यात दोनदा मीठ घातलं. बिंगोला गेले आणि माझे आकडे भरले तरी ओरडले नाही. जेवण सोडून बघितलं, पहाटे तळ्यावर जाऊन बसून बघितलं. तळ्याने मला सर्दी दिली, नाव काही दिलं नाही. पोरीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाकडे बघत बसले, म्हटलं तूच सुचव बाई, तर तिने माझा चष्मा ओढला. हॅनाचा रोज फोन, बेरीचं सार किती करू, पाव तळायला कोण येईल. मी आपली हो हो म्हणते. आणि फोन ठेवला की वाटतं, शनिवारी सगळे ताटं घेऊन बसतील, मी पोरीला घेऊन मध्ये उभी राहीन, चारही दिशांना नाव सांगायला तोंड उघडीन, आणि तोंडातून काहीच निघणार नाही. कागदाने तिला आधीच परत पाठवलंय. आता मीही रिकाम्या हातीच पाठवणार.

दहाव्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात भात भाजायला बसले. कढई आजीचीच आहे, एका कडेला तडा गेलाय पण चालते. जाळ बेताचा केला, वल्ह्याने परतत होते, ऊन पाठीवर होतं, आणि खुर्चीत माझा डोळा लागला. आजी आली. माझ्या हातातलं वल्हं तिने ओढून घेतलं. “जाळशील सगळं, ऑफिसातली बाई,” म्हणाली, तिच्याच त्या आवाजात. मग ती माझ्या बाजूला जो लाकडाचा ओंडका आहे त्याच्याकडे वळली आणि एक नाव म्हणाली. एकदाच. स्पष्ट. मी जागी झाले तर अर्धी कढई करपून कोळसा! मला त्याचं काही वाटलं नाही. मी रडत होते आणि हसतही होते. धावत, म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं, घरात गेले आणि डस्टिनचा नंबर फिरवायला घेतला.

आणि अर्ध्यावर बोट थांबलं. तो ओंडका, रोझेला. त्या ओंडक्यावर तूच बसायचीस. तू गेलीस त्या सप्टेंबरात, तान्ह्या ट्रिनाला पाजत, धुराकडे पाठ करून. आजी भात परतत होती आणि मी घराच्या कोपऱ्यावरून लाकडं घेऊन येत होते. आजी तुला काहीतरी सांगत होती. मी दिसल्यावर थांबली. तेव्हा मी काही ऐकलं होतं का? हेच नाव ऐकलं होतं का? आजी तुला म्हणाली होती का, की हे हिचं, भात आटपला की देऊया? जेवण ठरलं होतं एवढं नक्की आठवतं, कारण हरणाचं मटण मीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या चार दिवस आधी तू निघून गेलीस. ट्रिनाला नाव मिळालंच नाही, आणि आजी त्याच हिवाळ्यात गेली. आता मला कळेनासं झालंय की दुपारी पडलं ते स्वप्न होतं, की सदतीस वर्षांपूर्वीची गोष्टच डोळे मिटल्यावर परत दिसली. स्वप्न असेल तर नाव डस्टिनच्या पोरीचं. आठवण असेल तर ते ट्रिनाचं आहे, आणि ते उचलून दुसरीला द्यायला निघालेली मी कोण? दुपारी दिसलेल्या आजीच्या अंगात हिरवा स्वेटर होता. तो तू जायच्या आधी तिला आणलास, की नंतर टॅकोमाहून पाठवलास? मी दोन रात्री त्या स्वेटरवर घालवल्यात. नंतरचा असेल तर ते स्वप्नच, सुटले. पण मला दोन्ही आठवतं, तू दुकानातून आणलेलाही आणि टपालाने आलेलाही. वेड लागायची पाळी आली आहे.

टपालाचं निघालंच आहे तर सांगून टाकते, नाहीतर हाही कागद फाडीन. ट्रिनाचा यादीसाठीचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. तू तो भरलास त्याच्या आधीच मला उत्तर माहीत होतं. सोळातले तुझे सहा, तिच्या बापाचे शून्य, निम्मे केले की तीन, आणि हवे होते चार. हे गणित मी दिवसातून दहादा करायचे. तुला नाही सांगितलं. तू रोज संध्याकाळी विचारायचीस, “ताई, काही कळलं का गं?” आणि मी म्हणायचे, वर पाठवलंय. आजी तर चिडून म्हणाली होती, “कुठे कमी आहे पोर? दाखवा मला. डावा पाय आपला नाही का तिचा?” आपण सगळ्या हसलो होतो. मीही हसले होते. नकाराचं पत्र मीच टाइप केलं. आणि ते पिशवीत घालून घरी आणायचं, तुझ्या शेजारी बसून तुझ्या हातात द्यायचं, ते सोडून मी त्याला तिकीट लावलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं. आपण एकाच स्वयंपाकघरात राहत होतो. ते पत्र दोन दिवस तालुक्याला जाऊन परत आपल्याच दारात आलं. त्या दोन दिवसांत मी तुझ्यासमोर बसून चार वेळा जेवले. तू पाकीट फोडलंस, तळाशी टाइप करणारीची आद्याक्षरं असतात ती पाहिलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि ट्रिनाला उचलून दुसऱ्या खोलीत गेलीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. नियम मी केला नव्हता, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले. ते खरंच आहे. पण तिकीट मी लावलं होतं.

तू जाताना तुझ्या भात झोडायच्या काठ्या टेबलावर ठेवून गेलीस. देवदाराच्या, माझ्या काठ्यांपेक्षा हलक्या, तुझ्या बोटांनी मुठीजवळ गुळगुळीत झालेल्या. मी होडी ढकलायची आणि तू पुढे बसून भात झोडायचीस, आठ वर्षं आपण दुसऱ्या कोणाला होडीत बसू दिलं नाही. त्यानंतर माझ्या होडीत बरेच बसले. कोणी ओंब्या मोडायचं, कोणी बडबड करायचं, एकजण तर गायचा. त्या काठ्या मी कोणाला दिल्या नाहीत. दर वर्षी तेल लावून ठेवते. का, ते विचारू नकोस. गेल्या नाताळच्या फोटोत ट्रिनाच्या केसांत पांढरी बट दिसली तेव्हा मी पहिल्यांदा हिशेब केला, की त्या पोरीने हे तळं एकदाही पाहिलेलं नाही.

काल परत काकाकडे गेले आणि सगळं सांगितलं, तिकिटाचंही. या वेळी तो हसला नाही. मग म्हणाला, “नाव काय एकाच अंगाला बसणारा सदरा आहे? दोघींनाही पुरेल. पण ते कोणाच्या दारातून आलं ते तुला ठाऊक हवं. एकीचं असेल तर तिला विचारल्याशिवाय दुसरीला कसं देशील? आणि त्या दिवशी कढईपाशी तीन बाया होत्या. एक गेली. एकीचा गोंधळ उडालाय. उरली कोण?” “तिला तंबाखू पाठव,” म्हणाला. मी म्हटलं, ती माझ्या हातची घेणार नाही. तर म्हणे, “नाही घेतली तर नाही घेतली. पण या वेळी कळव तरी आधी.”

म्हणून हे पत्र. मला तुझ्याकडून एवढंच हवंय की तू यावंस आणि ट्रिनाला घेऊन यावंस, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारच्या आधी. मी ते नाव तुझ्या कानात सांगीन आणि तू मला सांगायचं, आजीने त्या दिवशी हेच म्हटलं होतं का. हेच असेल तर आधी ट्रिनाला मिळेल, सगळ्यांसमोर, तिच्या जागेवर, आणि मग तिची इच्छा असेल तर ती ते आपल्या हाताने डस्टिनच्या पोरीला वाटून देईल. बत्तिसातले पाच आणि सोळातले तीन एका ताटाला बसतील. ‘हे नव्हे’ म्हणालीस तर मी सुटले, मग नुसतं जेवून जा. नाव या कागदावर कुठे लिहिलंय का म्हणून शोधू नकोस. मुद्दाम लिहिलेलं नाही. एकदा कागदावर घालून मोकळी झाले होते, आता तोंडानेच सांगणार आहे. पुडीतली तंबाखू नवी आहे, फडकं मात्र डस्टिनचंच, धुऊन घेतलंय. तिची गाठ सोडलीस तर तुला कबूल आहे असं मी धरीन. गाठ सोडायची नसेल तर पुडी परत पाठवू नकोस, तिकडच्या पाण्यात तशीच ठेव, मला कळवलं नाहीस तरी चालेल. आणि माझी रोझेला मला ठाऊक आहे, पाकीट दिसलं की तुला दम निघत नाही. पत्र वाचायच्या आधीच गाठ सोडून बसली असशील, तर आता काही इलाज नाही गं. माझंही असंच झालं. ये.

तुझीच ताई,
बर्नडीन